कमेंट गेली कुठे? वाचकांच्या प्रतिक्रिया पानावर न दिसण्याचा त्रास

"अहो, माझी कमेंट का उडवलीत? वावगं काय लिहिलं होतं मी?"

फोनवर काका होते. वय सत्तरीच्या घरात, अजूनही महिन्याला एक किल्ला करतात, आणि आमच्या किल्ल्यांच्या साइटवर त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी लिहीत नाही. पेठच्या किल्ल्यावर टाक्यात पाणी कितपत उरलंय, पायथ्याच्या आंबिवलीपर्यंतची गाडी चालू आहे का, वरच्या गुहेत मुक्काम करण्यासारखी परिस्थिती आहे की चिखल झालाय, हे सगळं ते घरी पोचल्यावर त्याच रात्री लिहून टाकतात. आमचे लेख जुने आहेत. ताजी माहिती असते ती खालच्या प्रतिक्रियांतच.

"काका, मी हातसुद्धा लावलेला नाही," म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. लिहिलं, बटण दाबलं, पान उघडलं, नाही. मग दुसरा काय अर्थ काढणार माणूस?

ही तक्रार आमच्याकडे दोन वर्षांत चार वेळा आली. प्रत्येक वेळी मी काहीतरी दुरुस्त केलं, ग्रुपवर "झालं रे" म्हणून टाकलं, आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच फोन. उशिरा कळलं की तक्रार एकच असली तरी दुखणं दरवेळी वेगळं होतं. पोटात दुखतंय म्हटल्यावर गेल्या वेळचंच औषध द्यावं, तसं माझं चाललं होतं. आमची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या तयार प्रणालीवर आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहितोय.

आधी वाचकाला विचारा, मग डॅशबोर्ड उघडा

माझी पहिली चूक हीच, की फोन ठेवल्याठेवल्या मी सेटिंग्ज उघडत असे. आता आधी वाचकाला दोन गोष्टी विचारतो.

पहिली: बटण दाबल्यावर नेमकं काय दिसलं? कोरं पांढरं पान किंवा "४०३" असा काही आकडा दिसला असेल, तर कमेंट बहुधा तुमच्यापर्यंत आलेलीच नाही. होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या कंपनीच्या, फायरवॉलने (संशयास्पद गोष्टी अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) ती दारातच अडवली असावी. तुमच्या डॅशबोर्डमध्ये (साइट सांभाळायच्या आतल्या पानावर) ती सापडण्याची शक्यता कमी. होस्टिंगच्या सपोर्टला दिवस, वेळ आणि वाचकाचा आयपी पत्ता (त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) कळवा आणि कुठल्या नियमामुळे अडवली ते विचारा. "सगळं बंद करून टाका" असं मात्र सांगू नका. एका वैतागलेल्या रात्री मी ते सांगितलं होतं, आणि पुढचे तीन दिवस साइटवर घड्याळांच्या जाहिराती साफ करत बसलो होतो.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा सुचली, पण आता तिच्याशिवाय मी काही करत नाही. वाचकाला सांगायचं, तीच कमेंट, त्याच नावाने, त्याच लेखाखाली, अक्षरही न बदलता पुन्हा पाठवा. "ही कमेंट तुम्ही आधीच दिली आहे" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला तर सुटकेचा श्वास घ्या. पहिली कमेंट डेटाबेसमध्ये सुखरूप आहे. ती मंजुरीच्या रांगेत असेल, स्पॅममध्ये असेल, किंवा मंजूर होऊनही पान जुनंच दिसत असेल.

आणि असा संदेश न येता दुसरी कमेंटही पहिलीसारखीच निमूट गिळली गेली तर? वर्डप्रेस दुबार कमेंट तपासताना ट्रॅशमधल्या कमेंटा मोजत नाही. म्हणजे पहिली एक तर पोचलेली नाही, नाहीतर थेट ट्रॅशमध्ये गेली आहे. काकांचं नेमकं हेच झालं होतं. एका संध्याकाळी त्यांनी तीच कमेंट तीनदा पाठवली आणि तिन्ही वेळा कुणी हूं की चूं केलं नाही.

काकांची कमेंट कुठे सापडली

ट्रॅशमध्ये. तीन प्रती, एकाखाली एक. मी टाकल्या नव्हत्या. आमच्या साइटवर लॉगिन असलेला दुसरा माणूस म्हणजे माझा मित्र, त्यानेही नाही.

कमेंट अशी होती: "कर्जतहून सकाळची गाडी पकडली. टाक्यात पाणी भरपूर, पण गाळून घ्या."

आता कारण बघा. त्याआधीच्या पावसाळ्यात आमच्यावर कर्जाच्या जाहिरातींचा मारा झाला होता. "पाच मिनिटांत कर्ज", "बिनव्याजी कर्ज", रात्रीत चाळीस-पन्नास. मित्राने वैतागून सेटिंग्जमधल्या डिस्कशनच्या पानावर, अगदी खालच्या चौकटीत, एक शब्द टाकला: कर्ज. जाहिराती थांबल्या. त्याच्याबरोबर कर्जतही थांबलं.

ती खालची चौकट म्हणजे "डिसअलाउड कमेंट कीज". पूर्वी तिचं नाव ब्लॅकलिस्ट होतं, २०२० मध्ये बदललं. तिथे टाकलेला शब्द अख्खा शब्द म्हणून शोधला जात नाही. मोठ्या शब्दाच्या पोटात सापडला तरी चालतो. "कर्जत"मध्ये "कर्ज" आहे, "कर्जमाफी"त आहे, "कर्जबाजारी"त आहे. रायगड जिल्ह्यातले निम्मे ट्रेक ज्या स्टेशनावरून सुरू होतात, त्याचं नावच आम्ही बंद करून ठेवलं होतं! शोध फक्त मजकुरात होतो असंही नाही. नाव, ईमेल, वेबसाइटचा पत्ता, आयपी, ब्राउझरची माहिती, सगळीकडे होतो. नावापुढे "कर्जतकर" लावणाऱ्याने कितीही सोज्वळ लिहिलं तरी तो ट्रॅशमध्येच.

शब्दाच्या पुढेमागे जागा सोडून पाहिली. उपयोग नाही, ओळीच्या कडेची रिकामी जागा छाटली जाते.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे या मार्गाने ट्रॅशमध्ये गेलेल्या कमेंटची खबर कुणालाच मिळत नाही. मंजुरीसाठी थांबलेल्या कमेंटचा ईमेल येतो, प्रसिद्ध झालेलीचा येतो, हिचा येत नाही. आणि ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. काकांनी फोन केला म्हणून त्या सापडल्या. जे फोन करत नाहीत, रागावून गप्प बसतात, त्यांच्या किती गेल्या याचा हिशेब आता लागणार नाही.

उपाय सोपा आहे. त्याच पानावर थोडी वर "कमेंट मॉडरेशन" नावाची दुसरी चौकट आहे. तिथे सापडलेला शब्द कमेंट फक्त थांबवतो, फेकत नाही, आणि तुम्हाला ईमेल येतो. देवनागरी शब्द टाकायचे तर वरच्या चौकटीत टाका, आणि तेही सुटे नकोत, दोन-तीन शब्दांचे तुकडे टाका: "बिनव्याजी कर्ज", "त्वरित कर्ज". खालची चौकट मी फक्त जाहिरातबाजांच्या वेबसाइटच्या पूर्ण पत्त्यांसाठी ठेवली आहे. आयपी पत्तेही तिथे टाकत नाही. मोबाइलच्या नेटवर्कवर एकाच पत्त्याआड शेकडो माणसं असू शकतात. एका टवाळासाठी अख्खा तालुका कशाला बंद करायचा?

बाकी मंजुरीच्या रांगेचं फार सांगायला नको. मूळ सेटिंगमध्ये पहिल्यांदा लिहिणाऱ्याची कमेंट थांबते, आणि दोन किंवा जास्त लिंका असलेलीही थांबते. डॅशबोर्डमध्ये "पेंडिंग" बघा, मंजूर करा, झालं. जुन्या लेखांखाली कमेंटचा फॉर्मच दिसत नसेल तर "अमुक दिवसांपेक्षा जुन्या लेखांवर कमेंट बंद" ही खूण कुणी केली आहे का ते पाहा. आकडा आधीपासून १४ भरलेला असतो, त्यामुळे नुसती खूण पडली तरी दोन आठवड्यांपूर्वीचं सगळं बंद होतं.

मला दिसते, त्यांना दिसते, बाकी कुणाला नाही

दुसऱ्या वेळी फसवलं ते कॅशने, म्हणजे झटकन दाखवता यावी म्हणून साठवलेल्या पानाच्या प्रतीने. कमेंट मंजूर होती. मी पान उघडलं, दिसली. काकांनाही दिसत होती. "बघा, आहे की," म्हणून मी विषय संपवला. दोन दिवसांनी एका मुलीचा ईमेल: "पाण्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही का?"

मी लॉगिन केलेलो, म्हणून मला कॅश वगळून ताजं पान मिळत होतं. काकांनी नुकतीच कमेंट लिहिलेली, त्यांच्या ब्राउझरमध्ये तशी कुकी (साइटने ठेवलेली छोटी नोंद) होती, म्हणून त्यांनाही ताजं मिळत होतं. बाकी जगाला साठवून ठेवलेलं पान. त्यामुळे तपासताना लॉगिन असलेल्या ब्राउझरवर कधीच विसंबू नका. इनकॉग्निटो खिडकी उघडा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाहा. आणखी एक युक्ती: पानाच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून पुढे काहीतरी आकडा लिहा. बहुतेक कॅश याला नवं पान समजते. तिथे कमेंट दिसली आणि साध्या पत्त्यावर दिसली नाही, की चोर सापडला.

कॅशचं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेला छोटा प्रोग्राम, कमेंट मंजूर झाली की साधारणपणे त्या लेखाचं पान स्वतःहून पुसतं. आमचंही पुसत होतं. पण होस्टिंगने आपल्या बाजूला आणखी एक कॅश लावली होती, तिला या प्लगइनचा पत्ताच नव्हता. मी इमानेइतबारे आतली कॅश साफ करत बसलो आणि बाहेरची आपली जुनं पान वाटत राहिली. तुमच्याकडे किती थर आहेत ते एकदा होस्टिंगला विचारून कागदावर लिहून ठेवा. एकापेक्षा जास्त असतील तर आतून बाहेर अशा क्रमाने पुसा. उलट केलंत तर बाहेरचा थर आतलं शिळं पान पुन्हा उचलून ठेवतो.

याच कॅशचा एक आडवळणाचा त्रास आहे. नव्या लेखांखाली कमेंट व्यवस्थित येतात, जुन्या लेखांखालच्या सगळ्या स्पॅममध्ये जातात, असं दिसलं तर हे तपासा. काही स्पॅमरोधक प्लगइन फॉर्ममध्ये एक लपवलेली खूण ठेवतात आणि ती साधारण दिवसभरच चालते. पान आठवडाभर कॅशमध्ये पडून राहिलं तर ती खूण शिळी होते, आणि येणारा प्रत्येक वाचक प्लगइनच्या लेखी यंत्रमानव ठरतो. कॅशचं आयुष्य दहा-बारा तासांवर आणा, किंवा त्या प्लगइनला खुणेशिवाय चालवता येतं का ते पाहा.

शीर्षकात २३, खाली १४

हे माझ्याच हाताने झालं. एका लेखाखाली कुणीतरी अद्वातद्वा लिहिलं होतं. त्याला नऊ जणांनी, त्यात काकांनीही, चांगली उत्तरं दिली होती. मी मूळची घाण ट्रॅशमध्ये टाकली. लगेच त्याखालची नऊही उत्तरं पानावरून गेली. डॅशबोर्डमध्ये ती मंजूरच दिसत होती, वरच्या आकड्यातही मोजली जात होती, फक्त पानावर नव्हती.

उत्तरं आपल्या मूळ कमेंटला लोंबकळत असतात. मूळ कमेंट ट्रॅश किंवा स्पॅममध्ये गेली की पान रचताना त्यांना लटकायला जागा उरत नाही. गंमत पुढेच आहे. ३० दिवसांनी ट्रॅश रिकामा झाला आणि सगळी उत्तरं अचानक परत आली! मूळ कमेंट कायमची पुसताना वर्डप्रेस तिच्या उत्तरांना एक पायरी वर सरकवतं. म्हणजे महिनाभर गायब असलेले काका एका सकाळी "तुम्हाला लाज वाटली पाहिजे" असं म्हणत लेखाखाली सुटे उभे. कुणाला म्हणतायत ते कुणालाच कळेना. एका वाचकाला वाटलं, लेखकालाच म्हणतायत.

आता मी भांडणातली मूळ कमेंट काढत नाही. ती संपादित करून मजकुराच्या जागी "ही प्रतिक्रिया संपादकांनी काढली आहे" एवढंच लिहितो आणि नाव बदलतो. उत्तरं जागेवर राहतात.

आकडा जुळत नसण्याची साधी कारणंही असतात. कमेंटची पानं पाडली असतील तर पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यातलं एकच पान दिसतं आणि "जुन्या प्रतिक्रिया" हा दुवा थीमने, म्हणजे साइटचा देखावा ठरवणाऱ्या साच्याने, कुठेतरी कोपऱ्यात लपवलेला असतो. थीम नवी असेल आणि एकही कमेंट कुठेच दिसत नसेल, तर लेखाच्या टेम्प्लेटमध्ये कमेंटचा ब्लॉक आहे का तेवढं बघा. पाच मिनिटं जुनी थीम लावून पाहिली की उत्तर मिळतं.

पाण्याच्या जागी चार प्रश्नचिन्हं

होस्टिंग बदललं त्या आठवड्यातली ही गोष्ट. लेख ठीक, प्रतिक्रियांमध्ये मात्र प्रश्नचिन्हांच्या रांगा. डेटाबेसचा बॅकअप चुकीच्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) उतरवला किंवा चढवला की असं होतं. पण दिसणाऱ्या कचऱ्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला फरक कळला तर पुष्कळ रडारड वाचते.

"पाणी" हा शब्द घ्या. संगणकाच्या लेखी यात चार खुणा आहेत: प, काना, ण, दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण बारा. "पाणी"च्या जागी बरोबर चार प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर प्रत्येक खूण एकेका प्रश्नचिन्हात बदलून तशीच साठवली गेली आहे. मूळ अक्षरं त्या टेबलात उरलेली नाहीत. त्याऐवजी डोक्यावर रेघा-टिंबं असलेल्या रोमन अक्षरांची दहा-बारा अक्षरी माळ दिसत असेल, तर बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जातायत. हा मजकूर परत मिळतो. आधी पूर्ण बॅकअप घ्या, मग तो रकाना आधी बायनरी प्रकारात न्या आणि तिथून यूटीएफ८एमबी४ मध्ये (डेटाबेसमधली पूर्ण यूटीएफ-८). बायनरीची पायरी गाळून सरळ रूपांतर केलंत तर चुकीचा चष्माच पक्का होतो.

चार प्रश्नचिन्हंवाल्यांसाठीही एक आशा आहे: तुमची ईमेलची पेटी. कमेंट आली की वर्डप्रेस साइटच्या मालकाला पाठवतं त्या ईमेलमध्ये तिचा पूर्ण मजकूर असतो. आम्ही जुना बॅकअप ठेवला नव्हता, हे कबूल. पण मित्राने असे ईमेल कधीच पुसले नव्हते. दोन रविवार बसून आम्ही दोनशेहून जास्त प्रतिक्रिया हाताने परत चिकटवल्या.

टेबल जुनं आणि वर्डप्रेसही जुनं असलं की आणखी एक लक्षण दिसायचं. कमेंट अर्ध्यावर तुटायची, आणि नेमकी जिथे हात जोडल्याचं चिन्ह असायचं तिथे. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या यूटीएफ८ मध्ये एका खुणेला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी त्यात मावते, इमोजीला चार लागतात. वर्डप्रेसने २०१५ मध्ये, ४.२ या आवृत्तीपासून, यूटीएफ८एमबी४ वापरायला घेतलं, पण एखादं टेबल मागे राहून गेलेलं असतं; तिथे आता कमेंट तुटत नाही, इमोजी तेवढी गळते. आपल्याकडे माणूस नमस्काराशिवाय कमेंट संपवत नाही, आणि काही जण सुरुवातच नमस्काराने करतात. त्यांची तर तेव्हा पूर्ण कमेंटच कोरी.

दिसते, पण वाचवत नाही

थीम बनवणाऱ्याने रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवलेली असतात. कमेंटच्या अक्षरांमध्ये शोभेसाठी अंतर सोडलेलं असलं की देवनागरीची शिरोरेघ जागोजाग तुटते. ते अंतर शून्य करा. ओळींची उंची कमी असली की वरचा रफार, वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. उंची दीडपटीच्या वर न्या.

दुसरं अगदी आपल्या मराठीचं दुखणं. "दऱ्या"मधला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो. एकीत नुक्त्याचा र असतो, दुसरीत साध्या र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडखूण. काही प्लगइन अशा अदृश्य खुणा स्पॅमच्या संशयाने साफ करतात. मग काकांनी लिहिलेल्या सह्याद्रीच्या दऱ्या पानावर "दर्या" होऊन येतात आणि वाचणारा विचारतो, भीमाशंकरला समुद्र कुठून आला? असं दिसलं तर त्या प्लगइनमधली सफाई बंद करा.

आणि कुणी डीटीपीच्या जुन्या फॉन्टातला, कृतिदेव वगैरेचा, मजकूर चिकटवला तर पानावर रोमन अक्षरांची खिचडी दिसणारच. तिथे साइटचा काही दोष नाही. युनिकोडमध्ये बदलून परत टाका म्हणून लिहा, किंवा माझ्यासारखं स्वतःच बदलून टाका.

ब्लॉगरवर लिहिणाऱ्यांसाठी एवढंच: फॉर्म दिसतो पण काही वाचकांना लॉगिन होत नाही, असं असेल तर कमेंटची जागा "एम्बेडेड" वरून "पूर्ण पान" किंवा "पॉपअप" करून पाहा. पुष्कळ ब्राउझर आता परक्या साइटच्या कुकी अडवतात आणि लेखात बसवलेला फॉर्म त्यात सापडतो.

आमच्याकडे सध्या दर पंधरा दिवसांनी, शनिवारी रात्री, मी किंवा मित्र ट्रॅश आणि स्पॅम उघडून वरपासून खालपर्यंत बघतो. ३० दिवसांच्या आत दोन चकरा होतात. गेल्या शनिवारी स्पॅममध्ये एकच खरी कमेंट निघाली. काकांचीच. तीन लिंका होत्या, तिन्ही एसटीच्या वेळापत्रकाच्या. मंजूर केली आणि त्यांना फोन लावला.

"उडवली होतीत ना?" ते म्हणाले.